पितळी नट

सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डला जिथं जोडतात, तिथला एक नट सुटेना. बाकीचे कुरकुरत का होईना सुटले. हा मात्र जागच्या जागी ओतल्यासारखा बसला होता. मी पाना लावला, पाय रोवला, दम धरून ओढला आणि पाना सटकून बोटं पत्र्यावर आपटली. नटाचे दोन कोपरे गोल झाले ते वेगळंच. मिस्त्रीमामा स्टुलावर बसून चहा पीत होते.

"नट काढतीयास का कुस्ती खेळतीयास?"

गाडी आमच्या आबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, गिअर स्टीअरिंगला. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या गल्लीत आली तेव्हा आबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बॅटरी उतरलेली गाडी दारात तशीच उभी होती. पाणी ओसरल्यावर दारांच्या निम्म्यावर गाळाची सरळ रेघ उमटली होती, कुणी पट्टी लावून मारल्यासारखी. मामांनी तेव्हाच प्लग काढून आतलं पाणी उपसलं, ऑईल बदललं (दुधाच्या चहाच्या रंगाचं निघालं) आणि इंजिन वाचवलं. बाहेरच्या नटबोल्टांकडं मात्र कुणी बघितलं नाही. गाडी चालत राहिली. मग निळा धूर टाकायला लागली. इतका, की रंकाळ्याच्या कडेनं जाताना मागचे मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल बांधायचे.

धुराचं निदान मामांनी एका चमच्यात केलं. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावलं, इंजिन फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा काटा वर चढेना. मग त्याच भोकातून चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा फिरवलं. काटा चढला. ऑईलनं पिस्टनच्या रिंगांची फट तात्पुरती बुजली, म्हणजे गळती रिंगांपाशी. काटा तसाच राहिला असता तर व्हॉल्वकडं संशय गेला असता. चमचा वहिनींच्या स्वयंपाकघरातला होता, हे मला नंतर कळलं.

तर रिंगा बदलायच्या म्हणून इंजिन उघडायचं, आणि उघडायचं तर आधी हा नट.

अडलेल्या नटाचं एक आहे. आपल्याला वाटतं तो चिकटला. तसं नसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो, आणि फुगायला जागा उरली नाही की दोन्हीकडून दाबून धरतो. त्यात हा नट एक्झॉस्टचा, म्हणजे रोज तापणार आणि रोज गार होणार. वर पुराचा गाळ. मी डब्ल्यूडी-४० स्प्रेचा निळा-पिवळा डबा घेऊन गेले होते आणि जाताना वाचूनही गेले होते. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पुढचं चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून केलेलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"राकेटला मारा. आपल्याला कळंब्यापर्यंत जायचंय."

त्यांची स्वतःची बाटली होती, डिझेल आणि गिअरचं पातळ ऑईल असं काहीतरी मिसळलेलं. तारेच्या ब्रशानं आट्यांवरची खपली काढली, चार थेंब सोडले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्येला रातभर." मला त्याच दिवशी काम उरकायचं होतं. मला सगळंच त्याच दिवशी उरकायचं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार थेंब. मग हलक्या हातोडीनं नटाच्या प्रत्येक बाजूवर टकटक. जोरात नाही, दार उघडेपर्यंत शेजारीण कडी वाजवते तशी. त्या हादऱ्यांनी गंजाला चिरा जातात आणि तेल आत शिरतं. कार्ब्युरेटर काढून ठेवलेला, पेट्रोलची नळी बुजवलेली, शेजारी वाळूची बादली. कोल्हापुरात वाळूला तोटा नाही, निम्म्या उद्यमनगराचं पोट तिच्या साच्यांत लोखंड ओतून चालतं. मग टॉर्चची ज्योत फक्त नटावर. नट तापून किंचित प्रसरण पावतो, आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, त्या मानानं गार राहतो, आणि तेवढाच काय तो फरक आपल्या बाजूनं. गोल झालेल्या कोपऱ्यांवर तेराचा पाना धरेना. मामांनी तळाच्या पेटीतून अर्ध्या इंचाची जुनी सहाकोनी गोटी काढली, नटावर टोपीसारखी बसते ती. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ती ठोकून नटावर बसवली तेव्हा कुठं पकड मिळाली.

"आता आवळ."

"सोडवायचाय ना?"

"आधी आवळ."

आवळला. काहीच झालं नाही. मग उलटा. दांडा किंचित वाकल्यासारखा वाटला. "थांब!" मामा ओरडले. हाताला स्प्रिंगसारखं लागलं तर स्टड पिळवटतोय, अजून ओढलं तर तुटणार. मग ड्रिल, मग नवे आटे, मग अख्खा दिवस. परत थेंब, परत टकटक, परत थोडं आवळणं. पाचव्या का सहाव्या खेपेला आवाज आला. टक्. कोरडा, छोटा, बोट मोडल्यासारखा. मामांनी मान डोलावली. तिथून पुढं अर्धा आटा मोकळा करायचा, पाव आटा परत मागं घ्यायचा, असं करत तो बाहेर आला.

मामांनी नट पुसून उजेडात धरला. "लोखंडी! हितं पितळी लागतो. लोखंडी कुणी लावला?"

मला माहीत होतं कुणी लावला. मी सातवीत होते. गगनबावड्याहून येताना पावसात पाइप सुटला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजायला लागली. आबा रस्त्याकडेला सकाळचा पेपर अंथरून गाडीखाली शिरले. फक्त त्यांच्या चपला बाहेर, त्यांतून पाणी वाहतंय. आई छत्री धरून उभी, छत्री चपलांवर. डिकीतल्या डब्यात सापडला तो नट त्यांनी लावला, जिवाच्या आकांतानं आवळला, आणि चिखलानं माखून बाहेर येत म्हणाले, "घरी गेल्यावर बदलू."

पुढचं काम म्हटलं तर सोपं होतं. हेड उतरलं. मामांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आत वरच्या कडेशी नेलं. नखाला पायरी लागली. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि वळतो, तिथं उष्णता सगळ्यात जास्त आणि तेल सगळ्यात कमी, म्हणून भिंत तिथंच जास्त झिजते. मूळचा ६८ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. आबांच्या कॉलेजच्या खेपा, माझी दहावी, आईची डोळ्यांची ऑपरेशनं, सगळं त्या पायरीत घासलं गेलेलं. ब्लॉक उद्यमनगरात बोअरिंगला दिला. ओव्हरसाईज पिस्टन शोधायला आठ दिवस गेले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, आता माल मिळतो तो कुणाच्या तरी माळ्यावरचा. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजनं मोजली, पाव मिलिमीटरच्या आसपास. एका रिंगेची फट कमी भरली, तर मामांनी टोक कानशीनं दोनदा घासलं, मोजलं, परत एकदा घासलं.

शेवटी सायलेन्सरचा पाइप. या खेपेला पितळी नट, आट्यांना ग्रेफाईटचं ग्रीस. मी गाडीखाली शिरले. मामा वरून बघत होते.

"बास."

हात थांबला. मग माझ्या नकळत त्यानं आणखी पाव फेरी दिली.

"आबाची लेक," मामा म्हणाले. "सोडीव. परत घाल."