मिरकरवाड्याचा गाळा ते आभाळ : आमची वाटचाल

सुरुवात वायरलेस दुरुस्तीने झाली. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ एक गाळा, मी आणि आतेभाऊ. व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा वायरलेस), जीपीएस, मासे हुडकणारा फिशफाइंडर, जे येईल ते उघडायचं. आत बहुधा खाऱ्या हवेने हिरवा पडलेला कनेक्टर सापडायचा. पाटीवर ‘उपग्रह’ हा शब्द बराच नंतर चढला.

त्याला कारण ओखी वादळ. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ते उठलं, तेव्हा खोल समुद्रातल्या कितीतरी बोटींना इशारा पोचलाच नाही. किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला की मोबाईल मान टाकतो. व्हीएचएफ थोडी पुढे साथ देतो, मग नुसतं पाणी. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘जेमिनी’ हे इशारा पोचवणारं यंत्र आलं. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा इशारा ‘गगन’ या भारतीय दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांवरून बोटीवरच्या डबीत आणि तिथून ब्लूटूथने तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, मोबाईलवर.

“यावरून घरी फोन लागतो?” प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. नाही बाबा, ही दवंडी आहे! ऐकणारी बोट एक असो की हजार, उपग्रहाला काम तेवढंच. पण ‘ऐकलं’ असं उलट कुणी कळवत नाही, म्हणून अशा व्यवस्थेत तोच निरोप पुन्हापुन्हा सोडावा लागतो. मोठ्या जहाजांवर उपग्रहावरून निरोप घेणारा इन्मारसॅट-सी संच असतो, त्याची गंमत वेगळीच. निरोपावर पत्ता असतो तो समुद्राच्या तुकड्याचा. आपण त्या तुकड्यात आहोत का, हे संच स्वतःच पाहतो आणि नसलो तर सोडून देतो.

आमची फजिती पहिल्याच हंगामात झाली. दोन मीटर केबल वाचावी म्हणून एका बोटीवर रिसीव्हरची अँटेना धुरांड्याला खेटून बसवली. जेटीवर सगळं झकास. आठवड्याने तांडेल परत आला, म्हणाला, “तुमचा उपग्रह फक्त बंदरातच असतो काय ओ?” आपल्याकडून हे उपग्रह दक्षिणेच्या आभाळात दिसतात. बोट वळली की धुरांडं मध्ये यायचं. अँटेना पदरच्या खर्चाने डोलकाठीवर नेली. तेव्हापासून बोट ताब्यात देण्याआधी बंदराबाहेर एक पूर्ण गिरकी मारतो. डिझेल आमचं.

30 ऑगस्ट 2024 ला पालघरला मासेमारी बोटींसाठी 1 लाख ट्रान्सपाँडरांची, म्हणजे उपग्रहाशी दुतर्फा निरोप करणाऱ्या संचांची, योजना जाहीर झाली. त्यात बोटीवरूनही निरोप धाडता येतो. खालून येणारा तो क्षीण आवाज टिपायला जीसॅट-6 या भारतीय उपग्रहावर 6 मीटरची छत्रीसारखी अँटेना आहे. आता चौकशी याचीच जास्त.

कामाची गर्दी मात्र अडनिड्या वेळी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या. वायरिंग तेव्हा उरकतं, पण गिरकी कुठे मारणार? ती सगळी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर येते, आणि आतेभाऊ पहाटे चारपासून जेटीवर.