बहात्तरच्या दुष्काळाचा पॉडकास्ट: माझा अनुभव

मराठी पॉडकास्ट म्हटलं की दोघंजण स्टुडिओत बसून गप्पा मारतायत असंच डोळ्यासमोर येतं, मला ते करायचंच नव्हतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांचे आवाज हवे होते, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा-सांगोला भागातले, सुरुवात आमच्याच गावातून. तेव्हा विशी-बाविशीत असलेल्या बाया आता सत्तरी ओलांडून गेल्यात, उद्या बघू म्हणायला वेळच नव्हता.

सामानाचं आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. छोटा रेकॉर्डर, हेडफोन आणि ऑडॅसिटी, म्हणजे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, जे फुकट मिळतं, एवढ्यावर भागतं. कॉलर माइक आमच्या आज्ज्यांना चालत नाही, डोक्यावरचा पदर सारखा सावरतात आणि दर वेळी तो माइकला घासतो, वर हातभर बांगड्या. म्हणून रेकॉर्डर घडी घातलेल्या गोधडीवर, तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा पोती आणि अंथरुणं रचलेली आतली खोली कधीही बरी. पंखा बंद, सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. कोंबडी ओरडली तर ओरडू दे, नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट पुसणारं फिल्टर, जास्त मारलं की माणूस हंड्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

पण एपिसोड ऐकावासा वाटतो की नाही ते ठरतं प्रश्नावर, मशीनवर नाही. "दुष्काळ कसा होता?" विचारलं की "लय वाईट दिस बाई" आणि विषय संपतो. "कामावर निघताना फडक्यात काय बांधायचात?" विचारलं की मग बघा. एका आज्जींनी मिलोची भाकर सांगितली, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची ना, "कडंला चिरायची गं, पानी किती बी कडक घे", आणि बोलता बोलता हात हवेतच भाकरी थापायला लागले, बांगड्यांचा तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये आलाय आणि मी तो मुद्दाम ठेवलाय. मग सुकडीचं, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे त्या कोरड्या खाऊचं निघालं. कामावर मिळायची ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून लेकरांना आणायच्या, एवढं सांगून त्या गप्प बसल्या. मीही बसले. तो थांबा मी कापला नाही, खोकला कापला, दोनदा आलेली गोष्ट एकदा ठेवली, थांबा तसाच आहे.

माझा आवाज अगदी थोडा, जिथे माहिती लागते तिथेच. म्हणजे लोक सरसकट "रोजगार हमीवर होतो" म्हणतात, पण त्या दुष्काळात खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध ही बरीचशी कामं दुष्काळ निवारणातली होती, वि. स. पागेंनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा झाला तो १९७७ ला. हे मी नंतर वेगळं बोलून जोडते, आज्जींना मध्येच तोडून दुरुस्त करणं मला पटत नाही. सुरुवातीला म्युझिक आणि "नमस्कार मंडळी" पण नाही, पहिलं वाक्य बोलणाऱ्याचंच.

आणि टाकायच्या आधी त्यांना पूर्ण ऐकवायचं, हे मी कधीच चुकवत नाही. एका घरात जमीन गहाण टाकल्याचं बोलणं होतं, सुनेसमोर नको म्हणाले, काढून टाकलं, एपिसोड त्याने कमी झाला असं मला वाटत नाही.

बाकी काम सोपंय. मोनो फाइल, आवाजाची पातळी उणे १९ लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं माप) आसपास, कव्हर चौकोनी ३००० बाय ३००० पिक्सेल, पॉडकास्ट ठेवायच्या होस्टिंग साइटवर चढवलं की आरएसएस फीड, म्हणजे सगळ्या एपिसोडची एक लिंक, मिळतो, तोच ॲपल आणि स्पॉटिफायला द्यायचा. गावात मात्र ॲप कोण उघडतंय, म्हणून ६४ केबीपीएसची एमपी३ करून व्हॉट्सॲपवर पाठवते, अर्ध्या तासाची साधारण १४ एमबी होते. तिथूनच खरी उत्तरं येतात, "आमची आत्या पण त्याच तलावावर होती, तिला विचारा" असे व्हॉइस मेसेज, आणि पुढचा माणूस मला तसाच सापडतो.

आता एका मुकादमांना तयार केलंय. हजेरी कोण मांडायचं, खडीचं माप कसं घ्यायचे, पगार कुणाचा का कापला जायचा, हे बायांनी त्यांच्या बाजूने सांगून झालंय, आता ते त्यांच्याकडून ऐकायचंय.