शेवटचं पान

"सर, तुम्ही कोण झालायत?"

पाठीला दोन तलवारी बांधलेला, केस निळे केलेला एक मुलगा मला विचारत होता. दुपारचे अडीच वाजले असतील. बीकेसीतल्या त्या अजस्र सभागृहात एक खांब मोकळा सापडला होता, त्याला टेकून मी पाय सोडवत उभा होतो. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, एक चष्मा नाकावर आणि दुसरा दोरीने गळ्यात.

"मी संपादक आहे," मी म्हणालो.

"भारी! कुठल्या सिरीजमधला?"

आता याला काय सांगणार? शेजारी उभं राहून त्याने एक फोटो घेतला, "लुक एकदम परफेक्ट आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं आणि तो तलवारी सावरत निघून गेला. मी झब्ब्याकडे पाहिलं. बाहीवर शाईचा एक डाग होता. तो पाहून तर त्याची खात्रीच पटली असणार.

मुंबई कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या जत्रेला, मला आमच्या प्रकाशनाच्या मालकांनी धाडलं होतं. "तरुण मुलं कशावर पैसे खर्च करतात ते जरा बघून या," एवढाच आदेश. आमच्याकडे पहिली आवृत्ती आता पाचशेची निघते आणि ती वर्षात संपली तर ऑफिसात पेढे येतात. पंचवीस वर्षं मी साहित्य संमेलनांच्या ग्रंथदालनात गाळ्यावर बसतो आहे. वर्धा झालं, अमळनेर झालं, २०२५ साली दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर जाऊन आलो. तिथली गर्दी मला पाठ आहे. पुस्तक उचलून मागची किंमत बघून हळूच, जखमी पाखरासारखं परत ठेवणारे. सूची फुकट आहे म्हणून दोन मागणारे. आणि शेवटच्या दिवशी चार वाजता नेमके उगवून "आता किती टक्के?" विचारणारे.

इथे टक्के कोणी विचारत नव्हतं. एका मुलीने स्टिकरचे चार कागद, दोन की-चेन आणि एक छापील चित्र घेतलं, मोबाइल दाखवून आठशे रुपये दिले आणि वर विक्रेत्यालाच "थँक्यू सो मच" म्हणाली. आमच्या गाळ्यावर हे वाक्य आम्ही म्हणतो. मी पन्नास व्हिजिटिंग कार्डं नेली होती. सत्तेचाळीस परत आणली. दोन दिली, एक कुठेतरी पडलं.

वेश करून आलेल्या मुलांपेक्षा मला त्यांच्या आया जास्त आवडल्या. एका खांबाआड एक बाई तोंडात सेफ्टी पिना धरून मुलीचा पंख परत जोडत होती. खांद्यावर पाण्याची बाटली, काखेत मुलीची नेहमीची चप्पल. "हलू नकोस गं, अजून एक पिन," पिनांच्या फटीतून शब्द आले. गॅदरिंगला आमच्या आया विंगेत हेच करायच्या. फक्त तेव्हा पंख नसायचे, शिवाजी महाराजांची दाढी असायची.

कलाकारांच्या टेबलांची एक गल्ली असते तिथे. त्या गल्लीत मला जरा घरी आल्यासारखं वाटलं. चित्रकार अभिजित किणी यांच्या कॉमिकमधली नऊवारीतली अँग्री मावशी तिथल्या जुन्या मंडळींपैकी, २०१२पासूनची. पदर खोचून भिडणारी मावशी दिसली की आपलं माणूस दिसल्यासारखं होतं. पलीकडच्या एका टेबलावरचं एक कॉमिक उचललं आणि सवयीने उलटं करून शेवटचं पान उघडलं. टेबलामागची मुलगी ओरडलीच.

"सर! शेवट नका ना बघू!"

"शेवट नाही बघत. शेवटचं पान बघतोय."

तिला फरक कळला नाही. कळायचं कारणही नव्हतं. माझी ही जुनी खोड आहे. पुस्तक हातात आलं की लोक मुखपृष्ठ बघतात, वास घेतात, अर्पणपत्रिका वाचतात. मी शेवटचं पान जागेवर आहे का ते बघतो. वाचत नाही, फक्त आहे का ते बघतो. सकाळी तिकिटाबरोबर एक कॉमिक भेट मिळालं होतं, त्याचंही दारातच पाहिलं. पान होतं. त्यावर गोष्ट पुढच्या अंकात चालू राहील असं लिहिलं होतं. म्हणजे असून नसल्यासारखंच.

ही खोड कराडची. आमच्या घरापासून चार दुकानं सोडून अण्णांचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात सायकली भाड्याने, अर्ध्यात पुस्तकं भाड्याने. सायकल तासावर, पुस्तक दिवसावर. चार आण्यांत इंद्रजाल कॉमिक मिळायचं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, त्यावर जांभळ्या शाईत नंबर. नाव वगैरे भानगड नाही. "अण्णा, चौसष्ट नंबर आलाय का?" असंच विचारायचं. अण्णांच्या सायकलीला ब्रेक नसायचा आणि पुस्तकाला शेवट नसायचा. दोन्हींची तक्रार केली की त्यांचं उत्तर एकच, "चालतंय की."

चालायचंही. सायकल आम्ही पायाने थांबवायचो.

इंद्रजाल म्हणजे वेताळ. घट्ट कपड्यांतला, मुखवटेवाला, कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडाच्या जबड्यावर उमटवणारा. मूळचा तो अमेरिकी फँटम. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली त्याची कॉमिक्स इथे इंग्रजीतून काढायला घेतली आणि मराठीत येताना त्याचं बारसं केलं वेताळ. आता पंचाईत अशी की घरात चांदोबा यायचा आणि त्यातही एक वेताळ होता. तो झाडाला लटकलेला असायचा आणि विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगायचा. हे दोन वेगळे, हे मला कोणी सांगितलंच नाही. बरीच वर्षं मी समजत होतो की दिवसा हा माणूस देंकालीच्या जंगलात गुंडांना बडवतो आणि रात्री दमून झाडावर जाऊन लटकतो. मुखवटा का घालतो तेही मला बरोबर कळलं होतं: प्रेताचं तोंड कोण बघणार? पुढे पुण्यात आलो तर तिथे वेताळ टेकडी. रोज सकाळी माणसं बुटांचे बंद आवळून वेताळाकडे जातात आणि येताना वडापाव खातात. तेव्हापासून मी त्या विषयात पडणंच सोडून दिलं.

चौसष्ट नंबरच्या पुस्तकात वेताळ एका विहिरीत कोंडला गेला होता. वर दगडी झाकण. खालून पाणी चढतंय. गुडघे, कंबर, छाती. शेवटच्या चौकटीत पाणी हनुवटीला टेकलंय आणि वेताळ वर बघतोय. बस्स. त्यापुढे खाकी कागद.

मी रडलो असेन बहुतेक, कारण ताई म्हणाली, "रडू नको. मीनाकडे अख्खं पुस्तक आहे. मी वाचलंय."

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या बोलण्यावर अविश्वास दाखवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. रात्री मच्छरदाणीत तिने मला पुढचं सांगितलं. वेताळ हातपाय मारत नाही. ओरडत नाही. तो गप्प उभा राहतो. मग पाणी आणखी वाढतं आणि त्याचे पाय सुटतात. तो तरंगायला लागतो. पाणी जसजसं वर, तसतसा तो वर. "ज्यांनी पाणी सोडलं ना, त्यांनीच त्याला वर आणला," ताई म्हणाली. "आता झाकण हाताला लागलं." तेवढ्यात आईने दिवा मालवला आणि बाहेरूनच दटावलं. ताई लगेच झोपली. तिला झोप पटकन लागते, अजूनही.

शेवट का नसतो याचं उत्तर मला प्रकाशनात लागल्यावर मिळालं. पहिल्याच वर्षी एक बालकथांची पुस्तिका घेऊन बाइंडरकडे गेलो होतो. मधोमध दोन पिना मारलेली, बत्तीस पानी. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "मामा, यांची शेवटचीच पानं का फाटतात हो?" मामांनी एक पुस्तिका घेतली, पिना नखाने उचकटल्या आणि सगळ्यात बाहेरचा कागद सोडवून माझ्यापुढे पसरला. डावीकडे एकतीस-बत्तीस, उजवीकडे एक-दोन.

"पहिलं आन् शेवटचं एकच कागद असतोय, साहेब. एक गेलं की दुसरं राहतंय कशाला?"

मला एकदम अण्णांचं दुकान आठवलं. खरंच की. त्या पुस्तकांना सुरुवातही नसायची! वेताळ विहिरीत पडला कसा, त्याला कोणी पाडलं, कशासाठी, हे मला कधीच माहीत नव्हतं आणि त्याबद्दल मी कधी रडलोही नव्हतो. सुरुवात नसल्याचं कोणाला काही वाटत नाही. मधूनच गोष्टीत शिरायची आपल्याला सवय असते.

भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं दिल्ली हाटमध्ये, २०११च्या फेब्रुवारीत. तिथे अमर चित्र कथावाल्या अनंत पै यांना जीवनगौरव देण्यात आला. १९६७पासून देवादिकांना आणि राजेमहाराजांना चौकटीत बसवणारे आपले अंकल पै. त्यांचा 'कृष्ण' रंगवला होता राम वाईरकरांनी, आणि त्या निळ्या बाळाकडे बघून आमच्या पिढीने कृष्ण कसा दिसतो ते ठरवून टाकलं. पुरस्कार मिळाला १९ तारखेला. २४ तारखेला पै गेले. मी बातमी वाचली तेव्हा ऑफिसात कोणाच्या तरी आत्मचरित्राचं प्रूफ तपासत होतो, बाकी काही आठवत नाही.

तर त्या दुपारी. कलाकारांची गल्ली संपून जिथे टीशर्टांचे ढीग सुरू होतात, त्या कोपऱ्यात एका तरुणाने जुनी कॉमिक्स मांडली होती. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, मागे पुठ्ठा, वर चिकटपट्टी. इंग्रजी होती, हिंदी होती, आणि खोक्याच्या तळाशी पंधरा-वीस मराठी इंद्रजाल. सगळी वेताळाची. मी दुसरा चष्मा चढवला.

मुखपृष्ठं पहिल्यांदाच बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा. बी. गोविंद नावाच्या चित्रकाराने सुरुवातीची कितीतरी मुखपृष्ठं रंगवली होती असं पुढे कधीतरी वाचलं होतं, पण अण्णांच्या खाकी कागदाखाली मुखपृष्ठ असतं कुठे? घोड्यावरचा वेताळ, सिंहासनावरचा वेताळ, धबधब्यासमोरचा वेताळ. विहीर एकावरही नाही. नावांवरून पत्ता लागेना. आठशेच्या वर अंक निघाले होते, त्यातला चौसष्ट नंबर म्हणजे अण्णांचा चौसष्ट, त्याचा बाहेरच्या जगाशी काय संबंध? हातातल्या पंधरा-वीसांत आपला आहे की नाही हे कळायला एकच मार्ग होता.

"जरा उघडून बघू का?"

"नाही काका. उघडलं की व्हॅल्यू जाते."

इतकी वर्षं पुस्तकांच्या धंद्यात काढली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमची पुस्तकं न उघडताच जाते ती.

"शेवटचं पान आहे ना पण?"

"सगळे कम्प्लीट आहेत. गॅरंटी." एकेका अंकाला दीड हजार. सगळे घेऊन घरी जाऊन एकेक पिशवी फोडायची म्हटलं तर मालकांनी दिलेल्या प्रवासभत्त्यात ते बसणारं नव्हतं. मी जरा बाजूला झालो आणि ताईला फोन लावला.

"बस मिळाली का?" ताई फोन असाच सुरू करते.

"अजून मुंबईतच आहे. दादरहून शिवनेरी घेईन. ताई, ती विहिरीतली गोष्ट आठवते? वेताळाची? तिचं नाव काय होतं?"

"नाव? पहिलं पान कुठे होतं तिला?"

"पण तू मीनाकडे अख्खं वाचलं होतंस ना?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताई गॅसपर्यंत जाऊन आली.

"मीनाकडे? अरे, त्यांच्याकडे पंचांगाशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं."

माझ्या शेजारून एक लांबलचक ड्रॅगन गेला. आत सहा मुलं असावीत, बारा बूट दिसत होते.

"मग तू मला शेवट सांगितलास तो?"

"कुठला शेवट सांगितला होता मी?"

मी सांगितला. ढोल वाजत होते, माइकवर कोणाचं तरी नाव पुकारत होते, म्हणून चांगला मोठ्याने सांगितला. वेताळ गप्प उभा राहतो, पाणी चढतं, पाय सुटतात, तो वर येतो. खोक्याजवळचा तरुणही ऐकत होता. ताई मधे एक शब्द बोलली नाही. तीन वर्षं शाळेत आणि तीस वर्षं संसारात जिने मला कधी वाक्य पुरं करू दिलं नाही, ती ऐकत होती.

"आणि मग झाकण हाताला लागतं," मी म्हणालो आणि थांबलो.

"मग?" ताईने विचारलं. "निघालं का झाकण?"

"निघालं," मी म्हणालो. "मीनाकडच्या पुस्तकात होतं."