तुम्ही विचारलंत म्हणून: पायाचीच नस का काढली?

आरमोरीकडच्या आमच्या गावी गेले, की काकांच्या पोटरीवरचा, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा लांब व्रण पाहून कोणीतरी विचारतेच, "पायाची नस काढून काळजाले लावली म्हणतेत, मंग बाजारातला पाईप काहून नाही लावला?" कृत्रिम रक्तवाहिन्यांच्या आतल्या लेपावर मी काम करते, त्यामुळे याचे नीट उत्तर देणे मला भाग आहे.

पाईप मिळतो. पोटातली महाधमनी बदलण्यासाठी डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याच्या कापडी नळ्या 1950 च्या दशकापासून वापरात आहेत. अडचण येते ती व्यास 6 मिलिमीटरच्या खाली गेल्यावर, आणि हृदयाच्या धमन्या तर 3-4 मिलिमीटरच्याच असतात. रक्ताला परका पृष्ठभाग लागला, की काही सेकंदांत त्यावर फायब्रिनोजेनसारखी प्रथिने चिकटतात, त्यांना धरून प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, येतात आणि गुठळी धरू लागते. रुंद नळीत असा पातळ थर खपून जातो, अरुंद नळी मात्र त्यानेच बुजते. आपल्या रक्तवाहिनीत असे होत नाही, कारण तिला आतून एकाच पेशीइतक्या जाडीचे जिवंत अस्तर असते, आणि ते नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सोडून प्लेटलेटना सतत दूर ठेवते.

म्हणून खरे काम नळीचे नसून तिच्या आतल्या लेपाचे आहे. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा लेप गुठळी रोखतो. पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लेपावर प्रथिने फारशी टिकत नाहीत, पण त्यावर अस्तराच्या पेशीही बसत नाहीत आणि नळी आतून कायम अस्तराविनाच राहते. याउलट आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी, जिच्यावर पेशी पकड घेतात हे 1984 मध्ये दाखवले गेले, ती लेपात गुंफली तर पेशी येतात. मात्र प्लेटलेटही तीच साखळी ओळखतात. हव्या त्या पाहुण्याला बोलावणे आणि नको त्याला दारातच थांबवणे, ही दोन्ही कामे एकाच लेपाकडून करून घेणे मला या विषयातले सर्वांत अवघड काम वाटते.

हीच साखळी आपल्या कोसा (टसर) रेशमाच्या प्रथिनात निसर्गतःच आहे. तुतीच्या रेशमात ती नाही. काकांनी उमेदीची वर्षे ऐनाच्या झाडांवर कोसा पाळण्यात घालवली. एकदा त्यांनी देठाचा कडक कोष माझ्या कानाशी हलवला, तेव्हा आतला किडा खुळखुळला. त्याच धाग्याचे प्रथिन विरघळवून काचेच्या बशीत पातळ पापुद्रा केला, की त्यावर गोल पेशी पसरून चपट्या होताना सूक्ष्मदर्शकात दिसतात.

हे ऐकून काकांनी विचारले, "मंग कोशाचीच नळी काहून नाही लावत?" प्लेटलेटही त्या साखळीला धरत असल्यामुळे अशा नळीत थेट रक्त सोडणे धोक्याचे आहे. आधी रुग्णाच्याच पेशी वाढवून आत अस्तर धरू द्यावे लागते, आणि त्याला आठवडे जातात. काकांच्या हृदयाकडे तेवढे आठवडे नव्हते, पोटरीतली नस मात्र जिवंत अस्तरासह तयार होती.