आमची वाटचाल : प्रत्येक वेल्डची नोंद

भोसरी एमआयडीसीत आमची सुरुवात स्पॉट वेल्डिंगच्या गन आणि टायमर दुरुस्तीपासून झाली. या वेल्डिंगमध्ये गनच्या तांब्याच्या दोन टिपा पत्रे दाबून धरतात आणि त्यांतून मोठा करंट सोडून पत्रे एका ठिपक्यावर वितळवून जोडले जातात; करंट किती वेळ सोडायचा हे टायमर ठरवतो. दुरुस्तीच्या त्या कामात एक गोष्ट सतत खटकत असे. वेल्डचा खरा जोड, म्हणजे नगेट, दोन पत्र्यांच्या मध्ये दडलेला असतो आणि पक्क्या वेल्डची वरची खूण कच्च्या वेल्डसारखीच दिसू शकते. खात्री करायची तर छिन्नी घालून जॉब, म्हणजे वेल्ड केलेला भाग, फाडावा लागतो आणि नगेटचा व्यास मोजावा लागतो. १ मिमी पत्र्याला तो साधारण ४ मिमी तरी भरावा अशी अपेक्षा असते. फाडलेला जॉब भंगारात जात असल्यामुळे शिफ्टमध्ये मोजकेच जॉब तपासले जातात आणि बाकीचे विश्वासावर पुढे जातात.

म्हणून प्रत्येक वेल्डची नोंद ठेवणारा सेन्सर करायचे आम्ही ठरवले. गनच्या भुजेभोवती रोगोव्स्की कॉइल, म्हणजे करंट बाहेरूनच मोजणारे तारेचे वेटोळे, बसवून आम्ही आठ-दहा हजार अँपिअरचा करंट मोजतो, आणि टिपांमधले व्होल्टेज वेगळे घेतो. दोन्हींवरून रेझिस्टन्सचा आलेख मिळतो. साध्या पोलादी पत्र्यात तो आधी झपाट्याने घसरतो, पत्रा तापू लागला की चढतो आणि नगेट वाढू लागले की पुन्हा उतरतो. हा शेवटचा उतार नीट दिसला नाही, तर तो जॉब बाजूला काढावा, असे आम्ही ग्राहकाला आग्रहाने सांगतो.

रोबोच्या हातासोबत वळणारी सिग्नल केबल ठिणग्यांनी आणि पिळाने लवकर तुटते, म्हणून वायरलेसला पर्याय नव्हता. मात्र वेल्ड चालू असताना भोवतीचे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र असते; त्यामुळे सेन्सर आकडे स्वतःकडे साठवतो आणि गन उघडल्यावरच ८६५ मेगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात त्यांचा सारांश पाठवतो. त्याला लागणारी वीजही आम्ही वेल्डच्या करंटमधूनच घेतो, कारण उंचावरच्या गनची बॅटरी बदलण्यासाठी लाइन थांबवणे कोणालाच परवडत नाही.

सर्वाधिक उपयोग गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर झाला. त्यातले जस्त तांब्याच्या टिपेत मिसळून पितळ होते, टिप पसरते आणि तोच करंट जास्त जागेत विभागला जाऊन नगेट लहान पडते. पूर्वी टिप ड्रेसिंग, म्हणजे टिप तासून पुन्हा आकारात आणणे, ठरावीक वेल्डनंतर होई; आता ऑपरेटर आलेखाचा कल पाहून ते करतात. छिन्नीची चाचणी बंद करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही, पण कोणता जॉब फाडायचा हे आता आलेख पाहून ठरते. टिपांचा दाब कमी पडल्यास करंट ठीक असूनही धातू बाहेर उडतो. म्हणून सध्या त्याच सेन्सरमध्ये दाब मोजण्याची सोय करण्याचे काम चालू आहे.