गरोदर आहे म्हणून गोळी मिळेना: माझा अनुभव

धाकट्या बहिणीची डिलिव्हरी नीट झाली, बाळ मजेत आहे, तरी त्या व्यसनमुक्ती सेंटरचं "आधी गायनॅकचं पत्र आणा" आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

ती हेरॉइनवर होती. दिवस गेलेत कळल्यावर सोडायचं तिनेच ठरवलं. नोंदणी, काउन्सेलिंग सगळं पटापट झालं, मग फॉर्मवर 'गरोदर आहे का' असा चौकोन होता, तिने 'हो' वर टिक केली आणि तिथेच घोडं अडलं. "ताई, गरोदर पेशंटला आम्ही ब्युप्रेनॉर्फिन सुरू करत नाही, पत्र लागेल." (ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे हेरॉइन सुटावं म्हणून त्याच्या जागी देतात ती गोळी.) गायनॅक म्हणे, हे व्यसनमुक्तीवाल्यांचं काम, आणि तिने सरळ बंदच का करू नये? परत सेंटर, परत तेच. नुसती टोलवाटोलवी. आणि मधल्या काळात टर्की, म्हणजे माल न मिळाल्याने होणारा त्रास, लागू नये म्हणून तिने काय करायचं, तर बाहेरून माल घ्यायचा! म्हणजे औषध पोटातल्या बाळाला धोक्याचं आणि भेसळीची पुडी चालते, असा हिशोब.

"सरळ बंद करा" म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना वाचाव्यात. गरोदरपणात अचानक सोडवण्यापेक्षा मेथाडोन (तसंच दुसरं औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवा असं त्यात स्पष्ट आहे, कारण एकदम बंद केलं की बहुतेक वेळा माणूस परत घेतो, आणि तोवर शरीराची पूर्वीचा डोस झेलायची सवय उतरलेली असते म्हणून ओव्हरडोसची भीती. मी ती पानं प्रिंट काढून सेंटरला नेली आणि म्हटलं, मॅडम, नाही म्हणताय ना, मग कारणासकट केसपेपरवर लिहून द्या. लिहायची वेळ आल्यावर डॉक्टरांनी आमच्यासमोरच गायनॅकला फोन लावला. पत्र शेवटी दोन ओळींचं निघालं, किती आठवडे झालेत आणि औषधाला हरकत नाही, बस. हे पहिल्याच दिवशी फोनवर झालं नसतं का?

रांगेत एक बाई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या, त्यांना "अठरा पूर्ण झाल्यावर या" म्हणून घालवलं. व्यसन काय वाढदिवसाची वाट बघतं?

पहिली गोळी टर्की नीट सुरू झाल्यावरच घ्यायची, हेरॉइन घेऊन साधारण बारा तास तरी गेलेले हवेत, नाहीतर गोळीनेच जोरदार टर्की येते. ती जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, गिळायची नाही. शेवटच्या महिन्यांत डोस कमी पडू शकतो, तेव्हा बोला, गप्प बसू नका. बाळाला जन्मानंतर टर्कीची लक्षणं येऊ शकतात, त्यावर उपचार आहेत, पण काही दिवस दवाखान्यात देखरेखीखाली ठेवतात, तशी तयारी ठेवा. डोस स्थिर असेल तर अंगावर पाजता येतं, आमच्या डॉक्टरांनीच पाजायला सांगितलं. डिलिव्हरी झाली म्हणून गोळी लगेच बंद करू नका, नंतरचे महिने जास्त घसरणीचे असतात.

हां, लेबर रूममध्ये आधीच सांगून ठेवा की पेंटाझोसिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन द्यायचं नाही, त्यानेही टर्की येते. आणि त्या पत्राची झेरॉक्स काढून ठेवा. सेंटरने आमचं पत्र हरवलं आणि पुढच्या महिन्यात परत मागितलं.