पासवर्ड बदलला, तरी मेल बाहेर जातच होते

‘तुमच्या मेलबॉक्समधली जागा संपली आहे. 24 तासांत खातं पडताळलं नाही तर नवे मेल येणं बंद होईल.’ खाली निळं बटण. मी कामाच्या गडबडीत ते दाबलं. लॉगिनचं पान अगदी रोजच्यासारखं. एकच गोष्ट वेगळी झाली: एरवी आपणहून पासवर्ड भरणाऱ्या पासवर्ड मॅनेजरने रकाना रिकामाच ठेवला. काहीतरी अडकलं असेल असं समजून मी पासवर्ड हाताने टाइप केला. मोबाइल अ‍ॅपमधला कोड मागितला, तोही दिला.

पान खोटं होतं. मॅनेजर पानाचा चेहरा बघत नाही, त्याचा वेबपत्ता बघतो. त्या पत्त्यात माझ्या मेलसेवेचं नाव होतं, पण अगदी सुरुवातीला. पत्ता नक्की कोणाचा, हे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) अलीकडे दिसतं: ‘डॉट कॉम’सारखा शेवट आणि त्याला चिकटून आधी आलेला शब्द. त्याच्याही आधी ठिपके देऊन कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. आणि तो कोड साधारण 30 सेकंदच चालतो खरा, पण पलीकडचा माणूस त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरत असेल तर तेवढा वेळ पुरतो.

दोन दिवसांनी एका ग्राहकाकडच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन आला. “मॅडम, तुमचं बँक खातं बदललंय का? मेल आलाय, पण पैसे पाठवण्याआधी म्हटलं एकदा विचारावं.” मी असा मेल पाठवलाच नव्हता. त्यांनी तो मला परत पाठवला. माझ्याच पत्त्यावरून, आमच्या जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून गेलेला, शेवटी मी लिहिते तसंच ‘कळावे’. वाचताना हात थंड पडले.

लगेच पासवर्ड बदलला आणि वाटलं, सुटले. संध्याकाळी त्याच बाई म्हणाल्या की त्यांनी सकाळी आणखी एक मेल पाठवलाय. माझ्या इनबॉक्समध्ये तो नव्हता. तेव्हा सेटिंग्जमध्ये शिरले. तिथे मी कधीच न केलेला एक नियम होता, नावाच्या जागी नुसता एक टिंब. ‘बिल’, ‘पेमेंट’, ‘खाते’ यातला शब्द असलेला मेल आला की तो वाचलेला दाखवायचा, सरळ अर्काइव्हमध्ये, म्हणजे इनबॉक्सबाहेरच्या जुन्या मेलच्या साठ्यात टाकायचा आणि एक प्रत अनोळखी पत्त्यावर धाडायची. पासवर्ड बदलल्याने हा नियम पुसला जात नाही. चोर बाहेर गेला तरी त्याचा नळ चालूच होता.

नियम काढला. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, खात्याला जोडलेली अनोळखी अ‍ॅप्स तोडली, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा मेल अजून माझेच आहेत ना ते पाहिलं. तोच पासवर्ड आणखी दोन ठिकाणी होता, तिथेही बदलला. आता मेलला पासकी लावली आहे, म्हणजे पासवर्ड टाइप करण्याऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली. ती खऱ्या पत्त्यालाच बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही.

सगळ्यांत जड गेलं ते फोन करणं. ज्यांच्याशी पैशांचा व्यवहार आहे त्या प्रत्येकाला सांगितलं: माझं मेलचं खातं चोरांच्या हाती गेलं होतं, बँक खातं बदलल्याचा मेल आला असेल तर पैसे पाठवू नका. एकजण म्हणाले, “एवढंही कळलं नाही?” अशा बोलण्याचा मला मनापासून राग येतो. त्याच भीतीने माणूस चार दिवस गप्प बसतो, आणि चोराला तेवढेच दिवस हवे असतात. दुसऱ्या एकाने त्याच सकाळी पैसे पाठवले होते. माझा फोन ठेवून त्याने बँकेला फोन लावला आणि रक्कम थांबवता आली.

त्या बाईंनी मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन केला नव्हता. त्यांच्याकडच्या जुन्या वहीतला माझा नंबर त्यांनी शोधून काढला होता.